भौतिकशास्त्राच्या आयएसाठी मी कोणाकोणाला काय विचारलं

अकरावी-बारावीच्या पातळीच्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमाच्या भौतिकशास्त्रात प्रत्येकाला स्वतःचं एक छोटं संशोधन करून अहवाल द्यावा लागतो. नाव इंटर्नल असेसमेंट, पण सगळे आयएच म्हणतात. अंतिम गुणांत त्याचा वाटा २० टक्के. अहवाल जास्तीत जास्त ३००० शब्दांचा, गुण २४, आणि ते चार भागांत सारखे वाटलेले: संशोधनाची आखणी, डेटाचं विश्लेषण, निष्कर्ष आणि मूल्यमापन. पुस्तकातल्या प्रयोगाचं उत्तर पुस्तकाशी जुळलं की काम संपलं, असं इथे होत नाही. प्रश्न आपला लागतो आणि तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं.

माझंही तिथेच अडलं होतं. भेटेल त्याला मी एकच विचारत होते, "विषय सुचवा ना." वरच्या वर्गातल्यांनी सुचवलेही: लोलक, स्प्रिंग, चेंडूची उसळी, तापमानानुसार बदलणारा रोध. यात वाईट काही नाही, पण ही यादी ऐकून माणूस जिथे होता तिथेच राहतो. लोलकाचं काय करायचं? त्यावर कुणाकडे उत्तर नसतं, कारण ते त्यांच्या डोक्यात असण्याचं कारणच नाही.

मॅडमनी तर यादीसुद्धा दिली नाही. म्हणाल्या, "विषय मी दिला तर तो माझा होईल. काहीतरी करून बघ, आकडे घेऊन ये, मग बोलू." तेव्हा वाटलं, टाळतायत. पुढे कळलं की आयबीच्या नियमांतच त्यांना मर्यादा आहेत. त्या चर्चा करू शकतात, प्रश्न विचारू शकतात, सुरक्षिततेबद्दल अडवू शकतात, पण लिखाणाच्या एकाच मसुद्यावर अभिप्राय देऊ शकतात आणि तो दुरुस्त करून देऊ शकत नाहीत. म्हणजे खरं मार्गदर्शन जे काय मिळायचं ते लिहायला बसण्याआधीच मिळवायला हवं.

मग एक प्लॅस्टिकची बाटली घेतली, खालच्या बाजूला भोक पाडलं, पाणी भरलं आणि फोनवर चित्रण केलं. वर्गात टॉरिचेलीचा नियम नुकताच झाला होता. पाण्याची पातळी भोकापासून जितकी वर, तितक्या उंचीवरून एखादी वस्तू सोडली तर तिला खाली येईपर्यंत जो वेग मिळेल, त्याच वेगाने पाणी भोकातून बाहेर पडतं. टॉरिचेलीने हे १६४४ मध्ये छापलं. दर दहा सेकंदांनी उंची किती हे चित्रणातून काढून तक्ता केला, उंची विरुद्ध वेळ असा वक्र आलेख काढला आणि घेऊन गेले.

त्या भेटीत मॅडम पाच मिनिटंसुद्धा बोलल्या नसतील. बाटली वरपासून खालपर्यंत सारखी रुंद आहे का? उंची तळापासून मोजलीस की भोकाच्या मध्यापासून? आणि हा वक्र बघून नियम बरोबर आहे की नाही हे तू कसं ठरवणार?

तिसऱ्या प्रश्नावर मी दोन संध्याकाळी घालवल्या असतील. वक्र तर कुठलाही वक्र असू शकतो. पण पातळी उतरण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असेल, तर थोडं कलन केल्यावर निघतं की उंचीचं वर्गमूळ वेळेबरोबर सरळ रेषेत उतरलं पाहिजे. वर्गमूळ घेऊन आलेख काढला की रेषा सरळ आहे की वाकडी हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. शिवाय त्या रेषेच्या उताराला भौतिक अर्थ आहे. भोकाचं क्षेत्रफळ भागिले भांड्याचं क्षेत्रफळ, गुणिले गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याचं वर्गमूळ. सगळ्या राशी मोजता येण्यासारख्या.

इथून पुढे मला मिळालेल्या मार्गदर्शनाचा पोतच बदलला. "काय करू?" असं विचारलं की लोक सल्ला देतात. समोर तक्ता किंवा आलेख ठेवला की लोक वाकून बघतात, बोट ठेवतात आणि "हे असं का?" म्हणतात. मला कामाचं जे मिळालं ते जवळजवळ सगळं या दुसऱ्या प्रकारातलं.

बाटली सोडून मी ॲक्रिलिकची चौकोनी टाकी घेतली, आतून १० सेमी बाय ८ सेमी. एका बाजूला खिडकी, तिच्यावर भोकाची प्लेट स्क्रूने बसवायची, म्हणजे प्लेट बदलता येते. भोक ४ मिमीचं. गणिताप्रमाणे पातळी २० सेमीवरून ५ सेमीवर यायला साधारण ६४ सेकंद लागायला हवेत. लागले १०५. आणि रेषा मात्र छान सरळ. म्हणजे नियमाचं रूप बरोबर, पण पाणी हवं तितकं बाहेर पडत नव्हतं.

माझा मावसभाऊ मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकतो. त्याला आलेख पाठवला तर लगेच उत्तर आलं: "अगं, विसर्ग गुणांक. ०.६ धर आणि पुढे चल." म्हणजे प्रत्यक्षात बाहेर पडणारं पाणी भागिले गणिताप्रमाणे पडायला हवं ते पाणी. कारणही त्याने नीट सांगितलं. भोकाकडे पाणी चहूबाजूंनी येतं, कडेवरून येणाऱ्या पाण्याला धारदार कोरेवर एकदम काटकोनात वळता येत नाही, त्यामुळे बाहेर पडल्यावरही धार काही अंतर निमुळती होत जाते. तिचं क्षेत्रफळ भोकाच्या साठ-बासष्ट टक्क्यांवर येऊन ठरतं. वेग जवळपास टॉरिचेलीचाच, फक्त धार बारीक.

एका चॅटबॉटलाही विचारलं होतं. त्याने मोठ्या आत्मविश्वासाने ०.९७ सांगितलं. दोघांत कोण चुकलं म्हणून बराच वेळ डोकं खाल्लं. ०.९७ च्या आसपासचा आकडा असतो वेगाच्या गुणांकाचा, म्हणजे घर्षणामुळे वेग किती घटतो त्याचा, आणि ०.६ असतो एकूण विसर्गाचा, ज्यात धारेचं आकुंचनही धरलेलं असतं. आकडा खरा, पण माझ्या प्रश्नाचा नव्हे. चॅटबॉट वापरला तर आयबीत त्याचा उल्लेख करावा लागतो. मी तो आकडाच वापरला नाही, त्यामुळे प्रश्न मिटला.

मॅडमना मी दादाचं ०.६ सांगितलं, जरा ऐटीतच. त्या म्हणाल्या, "कोष्टकातून ०.६ घेतलास तर तुझा प्रयोग संपला. तो ०.६ का आहे, आणि कधी नसतो?"

उत्तर प्रयोगशाळेच्या कपाटात पडलेलं होतं. आमच्या लॅबमधल्या काकांनी एक जाड, जुनी प्लेट मला सरावासाठी दिली होती. तिच्यात तेवढंच ४ मिमीचं भोक पाडून टाकीला लावली, तर पाणी ऐंशी सेकंदांतच ५ सेमीवर आलं. भोक तेच, उंची तीच, पाणी तेच. जाडी १२ मिमी. भोक लांब असेल तर आत आकुंचन पावलेली धार पुन्हा पसरून भिंतीला चिकटते आणि भोक पूर्ण भरून बाहेर येते, म्हणून विसर्ग वाढतो. हे वाचनातून नंतर समजलं. लांबी वाढवली की घर्षण वाढून पाणी हळू येणार, असं मी धरून चालले होते, त्यामुळे घड्याळाकडे बघून आधी प्लेट नीट बसली नसेल असंच वाटलं.

असा प्रश्न ठरला: भोकाचा व्यास तोच ठेवून प्लेटची जाडी वाढवली, तर विसर्ग गुणांक कसा बदलतो? प्लेट २, ४, ६, ८ आणि १२ मिमी जाडीच्या.

आता काकांबद्दल. अहवालात त्यांचं नाव कुठेही येणार नाही, पण प्रयोग उभा राहिला तो त्यांच्यामुळे. ॲक्रिलिकला ड्रिल वेगात चालवलं तर ते वितळतं आणि भोकाच्या आत चिकट थर बसतो. बिट दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना टवका उडतो. काकांनी मागे लाकडाचा तुकडा दाबून धरायला लावला, वेग कमी केला, मधेमधे बिट बाहेर काढून गार होऊ दिलं. मग प्रत्येक प्लेट उजेडासमोर धरून तिच्या दोन्ही कोरा बघितल्या आणि जी कोर जास्त स्वच्छ, तिच्यावर मार्करने खूण केली. "ही बाजू कायम पाण्याकडे." आत येणारी कोर जराशी जरी गोल झाली तरी धार कमी आकुंचते आणि गुणांक वाढतो, हे मला नंतर वाचताना सापडलं. ती खूण नसती तर जाडीचा परिणाम मोजतेय की कोरेचा, हे मला सांगता आलं नसतं. आणि पाचही प्लेटना त्यांनी तेच एक बिट वापरलं. याचं महत्त्व अनिश्चिततेच्या वेळी कळलं.

अनिश्चितता, म्हणजे प्रत्येक माप किती इकडेतिकडे असू शकतं याचा हिशेब, हा या अहवालातला सगळ्यात कंटाळवाणा भाग, असं माझं मत होतं. प्रत्येक उपकरणाचं लघुत्तम माप लिहायचं, टक्केवाऱ्या बेरजेत घालायच्या, झालं. मॅडमनी एकच विचारलं: "तुझं उत्तर सगळ्यात जास्त कोण बिघडवतंय?" हिशेब केला. चित्रणातून वेळ काढल्यामुळे वेळेची अनिश्चितता नगण्य. उंची एक मिमी इकडेतिकडे. भोकाचा व्यास ४.० मिमी, अधिक-उणे ०.१. म्हणजे व्यासात अडीच टक्के, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे त्यात पाच टक्के. बाकी सगळं एकीकडे आणि हे बारकं भोक एकीकडे. मी मात्र तोवर स्टॉपवॉचच्या अचूकतेवर अर्धं पान लिहून ठेवलं होतं. ते गेलं.

टाकीचं क्षेत्रफळ पट्टीने मोजण्याऐवजी वजनकाट्याने काढायचं, ही युक्ती मात्र माझी. एक किलो पाणी ओतलं, पातळी १२.५ सेमी चढली, एक लिटरला त्याने भागलं, ८० चौरस सेमी. कोपऱ्यांची गोलाई, भिंतींचा बाक, सगळं आपोआप हिशेबात आलं. मॅडम काही बोलल्या नाहीत, पण ती ओळ त्यांनी दोनदा वाचली.

भोकाच्या व्यासाचं काय? तिथे ते एकच बिट कामाला आलं. व्यास मोजण्यात पाच टक्क्यांची चूक असेलच, तर ती पाचही प्लेटना जवळपास सारखीच लागू आहे. त्यामुळे गुणांक ०.६१ की ०.६४ हे मी छातीठोक सांगू शकत नाही, पण जाड प्लेटचा गुणांक पातळ प्लेटपेक्षा जवळजवळ तीस टक्के जास्त आहे, हे सांगू शकते. माझा प्रश्न दुसऱ्या प्रकारचाच होता. एकच अनिश्चितता एका दाव्याला मारक आणि दुसऱ्याला निरुपद्रवी असू शकते, हे मला कुठल्याही पाठात मिळालं नव्हतं.

मापं घ्यायला लागले. २ मिमीला ०.६१, ४ मिमीला ०.६२, ८ मिमीला ०.८०, १२ मिमीला ०.७९. फेऱ्या एकमेकींशी इतक्या जुळत होत्या की मला जरा शंका यायला लागली. आणि मग ६ मिमी. पहिल्या फेरीत १०४ सेकंद. दुसरीत ८१. मग पुन्हा १०४ च्या जवळ, पुन्हा, मग ८२. प्लेट काढून पुसली, स्क्रू आवळले, पाण्याचं तापमान बघितलं. तेच.

दादाचा सल्ला: विसंगत फेऱ्या काढून टाक, जास्त आहेत त्या ठेव. वर्गातल्या मैत्रिणीचा सल्ला: सगळ्यांची सरासरी घे आणि मोठा एरर बार (बिंदूची अनिश्चितता दाखवणारी उभी रेघ) दाखव, प्रामाणिक दिसतं. मी सरासरी घेतली. ०.७० च्या आसपास आली, आणि आलेखात ०.६२ आणि ०.८० च्या बरोबर मधे इतकी सुंदर बसली की रेषा हळूहळू चढत जाते असंच वाटावं. तोच आलेख घेऊन मॅडमकडे गेले.

त्यांनी ६ मिमीच्या बिंदूवर बोट ठेवलं. "यातल्या किती फेऱ्यांत तुला ०.७० मिळालं?"

एकाही नाही.

"मग हा बिंदू कशाचा आहे?" आणि थोड्या वेळाने, "चित्रण आहे ना तुझ्याकडे? आकडे सोड. धार कशी दिसते ते बघ."

चित्रण सगळं होतं, पण मी त्यात फक्त पातळी बघत आले होते. आता धार बघितली. १०४ सेकंदांच्या फेऱ्यांत ती काचेच्या कांडीसारखी, गुळगुळीत, स्थिर. ८१ च्या फेऱ्यांत जाडसर, धूसर, खरबरीत. मधलं काहीच नाही. ६ मिमीच्या भोकात पाण्याला दोन प्रकारे वाहता येत होतं: भिंतीपासून सुटून किंवा भिंतीला चिकटून. एकदा जो प्रकार सुरू झाला तो शेवटपर्यंत टिकत होता. ०.७० ही अशा एका प्रवाहाची सरासरी होती, जो माझ्या टाकीत कधी वाहिलाच नव्हता.

मग कशामुळे कधी हा आणि कधी तो? सुरुवात बघितली. भोक मी बाहेरून बोटाने बंद करत होते. काही वेळा बोट सरकवत काढलं होतं, काही वेळा झटकन. सुटलेली धार वाहत असताना भोकाच्या तोंडाला क्षणभर बोट लावून बघितलं, आणि ती चिकटली. धूसर झाली, आणि तशीच राहिली. तीच फेरी मोजली. उंचीच्या वर्गमुळाचा आलेख अर्ध्यापर्यंत एका उताराने सरळ, बोट लावलं त्या क्षणी मोडतो, आणि पुढे जास्त तीव्र उताराने पुन्हा सरळ. दोन उतारांतून दोन गुणांक निघतात, ०.६२ आणि ०.७९. भोक तेच, टाकी तीच, फेरीसुद्धा तीच. माझ्या अख्ख्या अहवालात मला मनापासून आवडतो तो हा एक आलेख. त्याच्यामुळे ६ मिमीला एका बिंदूऐवजी दोन बिंदू दाखवायचं बळ मिळालं, आणि मग सगळ्याच जाड्यांच्या फेऱ्यांना मी चित्रणात बघून "सुटलेली" आणि "चिकटलेली" असा एक रकाना जोडला.

हे सगळं झाल्यावर मसुदा लिहिणं तुलनेने सोपं होतं, फक्त शब्द फार झाले. तक्ते, समीकरणं आणि संदर्भसूची शब्दमर्यादेत धरत नाहीत, तरीही ३००० च्या बरीच वर गेले. मुख्य दोषी होता न्यूटन. प्रिन्सिपियाच्या १६८७ च्या पहिल्या आवृत्तीत भोकातून पडणाऱ्या पाण्याचं त्याचं गणित चुकलं होतं, आणि १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत धार आकुंचन पावते हे लक्षात घेऊन त्याने ते सुधारलं. मोजलेलं गुणोत्तरही दिलं, धारेचा व्यास आणि भोकाचा व्यास यांचं २१ ला २५. मला ते इतकं आवडलं होतं की पाऊण पान दिलं होतं.

मसुद्यावरचा अभिप्राय एकदाच मिळतो, म्हणून तो मी जवळजवळ पाठ केला. न्यूटनच्या परिच्छेदापुढे समासात: "याने तुझ्या प्रश्नाला काय मदत होते?" मूल्यमापनात मी "मानवी चुका" असा शब्द वापरला होता, त्याला वर्तुळ: "कोणती? किती? कोणत्या दिशेने?" निष्कर्षात "जाडी वाढली की गुणांक वाढतो" असं वाक्य होतं, त्याच्याखाली रेघ आणि फक्त एक प्रश्नचिन्ह. दुरुस्ती एकही नाही.

न्यूटन एका वाक्यावर आला. २१ ला २५ म्हणजे क्षेत्रफळात सुमारे ०.७१, माझ्या पातळ प्लेटपेक्षा जास्त, आणि तेवढीच तुलना माझ्या कामाची होती. मानवी चुकांच्या जागी एक नेमकी गोष्ट आली: काही आलेखांत रेषा शेवटाकडे किंचित वाकत होती, कारण उंचीचं शून्य भोकाच्या मध्यापासून साधारण दोन मिमी सरकलेलं होतं. २० सेमीला दोन मिमी एक टक्का, ५ सेमीला चार टक्के, म्हणून वाकणं शेवटी दिसतं. शून्य सुधारून आलेख पुन्हा काढले तर रेषा सरळ झाल्या, आणि आधीच्या-नंतरच्या उतारांतला फरकही देता आला.

प्रश्नचिन्हाने सगळ्यात जास्त वेळ घेतला. जाडी वाढली की गुणांक वाढतो, हे माझ्या आकड्यांतून निघतच नाही. २ आणि ४ मिमीत फरक नाही म्हणावा इतकाच, ८ आणि १२ मध्येही नाही. बदलतो तो प्रवाहाचा प्रकार, आणि जाडी ठरवते की कोणता प्रकार टिकू शकेल. शेवटी लिहिलं ते असं: जाडी व्यासाएवढी असेपर्यंत धार सुटलेली आणि गुणांक ०.६१ ते ०.६२, जाडी व्यासाच्या दुप्पट किंवा अधिक असेल तर धार चिकटलेली आणि गुणांक ०.८० च्या आसपास. दीडपटीला दोन्ही शक्य, आणि कोणतं घडेल हे सुरुवातीवर अवलंबून. या सीमा नेमक्या कुठे आहेत हे माझ्या पाच प्लेटवरून सांगता येत नाही. त्यासाठी ५ आणि ७ मिमीच्या प्लेट लागतील, आणि भोक बोटाऐवजी दर वेळी त्याच रीतीने उघडणारं काहीतरी. काकांनी त्यासाठी एक छोटी सरकती झडप करून ठेवली होती, पण तोवर जमा करायची तारीख आली, त्यामुळे ती "सुधारणा" या मथळ्याखाली आकृतीसकट गेली.